संतकथांतील जमाखर्च

धर्माचा व्यापाराशीं संबंध काय, या प्रश्नाला आपल्याकडे दोन ठराविक उत्तरें मिळतात. एक असें कीं, आमचा धर्म परलोकाकडे तोंड करून बसला, म्हणून आमचा व्यापार मागें राहिला. दुसरें याच्या नेमकें उलट. आमच्या धर्मग्रंथांत सारें व्यवस्थापनशास्त्र भरलेलें आहे. पाश्चात्त्यांनीं जें काल शोधून काढलें तें आमच्या समर्थांनीं साडेतीनशें वर्षांपूर्वींच सांगून ठेविलें. पहिलें उत्तर कॉलेजाच्या वर्गांत ऐकूं येतें, दुसरें पुस्तकांच्या दुकानांतील पुढच्या फळीवर मांडलेलें असतें. हीं उत्तरें देणारे लोक वरवर एकमेकांचे प्रतिपक्षी दिसले, तरी एका गोष्टींत त्यांची एकवाक्यता आहे. ती ही कीं, ज्या वाङ्मयाच्या नांवानें ते बोलतात, त्या वाङ्मयांत पैशाचा व्यवहार प्रत्यक्ष कोठें आला आहे आणि कसा आला आहे, हें पाहण्याचे कष्ट दोघांपैकीं कोणीच घेत नाहीं. सूत्र हातांत असलें कीं ग्रंथ उघडण्याची गरज भासत नाहीं. प्रस्तुत लेखांत ग्रंथ उघडण्याचा, निदान ग्रंथांनीं जपलेल्या कथा नीट वाचण्याचा, अल्पसा प्रयत्न आहे.

या वादाला ज्यानें शास्त्रीय रूप दिलें तो जर्मन पंडित माक्स वेबर. प्रॉटेस्टंट नीति आणि भांडवलशाहीची वृत्ति यांवरील त्याचे निबंध १९०४-०५ सालीं प्रसिद्ध झाले. १९३० सालीं त्यांचें इंग्रजी भाषांतर निघालें आणि आमच्यासारख्या इंग्रजीवर पोसलेल्या मंडळींना तो माहीत झाला. त्याचें म्हणणें पुष्कळदां फार भोंगळपणें सांगितलें जातें. प्रॉटेस्टंट धर्मानें भांडवलशाही निर्माण केली, असें तो म्हणत नाहीं. लोभ तर सर्व देशीं व सर्व काळीं आहेच. वेबरला कुतूहल होतें तें लोभी नसलेल्या माणसानें अहोरात्र धंदा कां करावा, याचें. ल्यूथरनें ऐहिक व्यवसायाला ईश्वरानें नेमून दिलेल्या कार्याची प्रतिष्ठा दिली. काल्व्हिननें सांगितलें कीं, कोण तरणार आणि कोण बुडणार हें ईश्वरानें आधींच ठरवून ठेविलें आहे, आणि तें माणसाला कळण्याचा मार्ग नाहीं. या भयंकर अनिश्चिततेंत सांपडलेला भाविक आपल्या नियमबद्ध, अविश्रांत श्रमांत आपल्या निवडीची खूण शोधूं लागला. मिळवावें, पण उपभोगूं नये, असें व्रत घेतल्यावर उरलेला पैसा धंद्यांत परत जाण्यावांचून दुसरी वाट नाहीं. मठांतला संन्यासी बाजारांत येऊन बसला तो असा.

हिंदुस्थानाविषयीं वेबरनें १९१६-१७ च्या सुमारास स्वतंत्र विवेचन केलें. जातीचें काम जसेंच्या तसें करील त्याला पुढचा जन्म बरा, अशी जेथें श्रद्धा, तेथें हत्यार बदलण्याची प्रेरणा कोठून येणार, हा त्याचा मुख्य आक्षेप. वेबर इकडे कधीं आला नव्हता. भाषांतरित ग्रंथ, शिरगणतीचे अहवाल आणि तत्सम साधनें यांवर त्यानें इमारत उभारली. तरीहि लिंगायतांचें त्याला भान होतें. जातिसंस्थेविरुद्धचा तो एक कडवा निषेध होता आणि जातिसंस्थेनें तो हळूहळू पोटांत घातला, असा त्याचा निष्कर्ष. पण बसवेश्वरादि शरणांचीं वचनें विजापुरच्या फ. गु. हळकट्टी यांनीं हस्तलिखितांतून वेंचून छापण्यास आरंभ केला तो १९२३ सालीं, आणि वेबर वारला १९२० सालीं. म्हणजे जीं वाक्यें वाचून त्याला थबकावें लागलें असतें, तीं त्याच्या टेबलावर येण्यापूर्वींच तो गेला.

न्यायमूर्ति रानडे यांनीं १९०० सालच्या आपल्या मराठ्यांच्या इतिहासावरील ग्रंथांत संतांच्या चळवळीची तुलना युरोपांतील धर्मसुधारणेशीं केली होती, हें येथें आठवतें. वेबरचे निबंध त्यानंतरचे. रानडे हे अर्थशास्त्राचेहि आचार्य. हिंदी अर्थशास्त्रावरील त्यांचे निबंध याच सुमाराचे. पण संतांकडे पाहतांना त्यांची दृष्टि राष्ट्र घडविणाऱ्या शक्तीवर खिळलेली होती. पेढी आणि खतावणी तिच्या कक्षेंत आली नाहीं. आपल्या टीकाकारांनीं पुढें हाच कित्ता गिरविला. संत आणि स्वराज्य, संत आणि जातिभेद, संत आणि भाषा, यांवर ग्रंथच्या ग्रंथ झाले. संत आणि जमाखर्च हा विषय मात्र कोणाला वाङ्मयीन वाटला नसावा.

वास्तविक आमच्या मराठवाड्याभोंवतीं एक वर्तुळ काढलें, तर त्याच्या परिघावर हिशेबाच्या तीन मोठ्या कथा सांपडतात. शिरूर अनंतपाळच्या आसपासचे निलंगा, उदगीर, अहमदपूर हे तालुके १९५६ पर्यंत बीदर जिल्ह्यांतच होते; बसवण्णांचें कल्याण आणि बादशाहाचें बीदर हीं आम्हां लोकांना परमुलखांतलीं गांवें कधींच वाटलीं नाहींत. एका अंगाला मंगळवेढें, दुसऱ्या अंगाला देवगिरी. या टापूंतल्या कथांचे नायक कवि किंवा भक्त म्हणून प्रसिद्ध असले, तरी कथेच्या ऐन क्षणीं ते कोणाच्या तरी पैशाला जबाबदार असलेले कामगार आहेत.

पहिली कथा बसवेश्वरांची. बाराव्या शतकांत कलचुरि राजा बिज्जल याच्या पदरीं ते भांडारी होते. राजाचा खजिना जंगमांवर उधळला जात आहे अशी चहाडी दरबारांत होते. राजा झडती घेतो. पेटी उघडून मोजदाद होते आणि रक्कम जेथल्या तेथें पूर्ण भरते. बसवण्णांच्या चरित्रकथा तेराव्या शतकांत पाल्कुरिकी सोमनाथानें तेलुगु बसवपुराणांत गुंफल्या, आणि तेथून त्या कानडीमराठींत पसरल्या. दुसरी कथा मंगळवेढ्याच्या दामाजीपंतांची. (मंगळवेढें हें बिज्जलाचेंहि ठाणें होतें, हा योगायोग ध्यानांत ठेवण्याजोगा आहे.) दुष्काळ पडला आहे, कोठारांत बादशाहाचें धान्य आहे, दारांत माणसें मरत आहेत. दामाजी कोठारें उघडतो. बीदरहून त्याला पकडण्याचा हुकूम सुटतो, आणि इकडे विठू महार नांवाचा एक माणूस दरबारांत येऊन धान्याची सारी किंमत मोजतो, पावती घेतो आणि निघून जातो.

या दोन कथा एकाच सांच्यांतल्या आहेत, हें सांगावयास नको. पण कीर्तनकार त्यांतून जें तात्पर्य काढतात, म्हणजे देव भक्ताचा कैवारी आहे, तेवढ्यावर थांबण्याचें कारण नाहीं. देव येथें काय करतो तें पाहा. तो बादशाहाला मारीत नाहीं, दप्तर जाळीत नाहीं, धान्यावर बादशाहाचा हक्कच नव्हता असेंहि म्हणत नाहीं. तो पैसे भरतो! आणि पैसे भरल्याची पावती मागून घेतो. लोककथेच्या कल्पनेनें सर्वशक्तिमान् देवाला येथें एका साध्या देणेकऱ्याच्या पायरीवर उभें केलें आहे, तेंहि ज्याला दरबाराच्या चौकटींत कोणी उभें करणार नाहीं अशा महाराच्या वेषांत. हिशेब ही वस्तु ज्यांना तुच्छ वाटते, त्यांच्या प्रतिभेंतून अशी कथा निघणार नाहीं. ती पावती ज्यानें पहिल्यानें या कथेंत घातली, तो कोणी तरी कुळकर्ण्याच्या किंवा देशपांड्याच्या ओसरीवर वाढलेला असला पाहिजे, असें आम्हांस नेहमीं वाटत आलें आहे.

दुसरी गोष्ट याहून महत्त्वाची. भुकेल्याला अन्न देणें हा धर्म, आणि धन्याचा माल जपणें हाहि धर्म. हे दोन धर्म कोठाराच्या दारांत समोरासमोर आले, आणि कथेनें त्यांतल्या एकालाहि खोटें ठरविलें नाहीं. चमत्काराची गरज पडली ती येथें. चमत्कार ही या कथेंतली भाबडेपणाची जागा नसून प्रामाणिकपणाची जागा आहे. कारण माणसाच्या अंगच्या कौशल्यानें हा हिशेब जुळत नाहीं, अशी ती स्वच्छ कबुली आहे. धर्म पाळला कीं धंदा आपोआप भरभराटतो, असें सांगणारीं आजचीं पुस्तकें या कथेपुढें फार पोरकट दिसतात. त्यांत दामाजीला बढती मिळाली असती.

तिसरी कथा देवगिरीची. एकनाथ महाराज जनार्दनस्वामींच्या सेवेंत असतांना स्वामींनीं त्यांना हिशेब तपासावयास दिला. एका पैची चूक येत होती. नाथ रात्रभर दिव्याशीं बसले, आणि पहाटेच्या सुमारास ती पै सांपडली तेव्हां आनंदानें टाळी वाजवून उठले. स्वामी म्हणाले, एका पैसाठीं एवढें एकाग्र होतां येतें, तर देवासाठीं झाल्यास काय होणार नाहीं! त्या काळीं पै चालत होती कीं नव्हती, हा वाद नाणेशास्त्र्यांनीं खुशाल घालावा. आपल्यापुरतें इतकें पुरे कीं, या कथेंत चमत्कार मुळींच नाहीं. येथें चूक माणसाची, जागरण माणसाचें आणि आनंदहि माणसाचाच. प्रवचनांत ही कथा हिशेबाच्या क्षुद्रतेचा दाखला म्हणून सांगितली जाते. आमच्या मतें हा सरळ विपर्यास आहे. गुरूनें वही फेकून दे असें म्हटलेलें नाहीं. वहींत कमावलेला गुण आतां मोठ्या कामाला लाव असें म्हटलें आहे. ज्याला एका पैची चूक झोंपूं देत नाहीं, तोच परमार्थाला पात्र, अशी ती परीक्षा आहे. वेबरच्या प्युरिटनाच्या जवळ येणारी अशी दुसरी कथा आमच्या वाङ्मयांत नसेल. तरी एक भेद उरतोच. प्युरिटन व्यापाऱ्याला बरोबर जुळलेली वही हीच ईश्वरी प्रसादाची खूण. नाथांना ती शिडीची एक पायरी. पायरीवर कोणी घर बांधीत नाहीं. आमच्याकडील बुद्धिमान् माणसें हिशेब शिकलीं आणि मग हिशेब सोडून गेलीं, या ऐतिहासिक वस्तुस्थितीचें मूळ या भेदांत थोडें तरी असावें.

चौथी कथा देहूची. ती आमच्या वर्तुळाच्या बाहेरची, पण तिच्यावांचून विषय पुरा होत नाहीं. तुकोबांच्या घरीं महाजनकी होती, सावकारी होती. १६३० च्या आगेमागें पडलेल्या भीषण दुष्काळानें घर बसलें. पुढें त्यांनीं कुळांचीं कर्जखतें इंद्रायणींत बुडविलीं. एवढा भाग सर्वांना पाठ असतो. पण परंपरेनें सांगितलेला तपशील यापेक्षां बारीक आहे. खतांच्या दोन वांटण्या करण्यांत आल्या. कान्होबाचा अर्धा वाटा कान्होबाला दिला गेला, आणि तुकोबांनीं बुडविला तो केवळ आपला अर्धा. वैराग्याच्या त्या ऐन लाटेंतहि भावाच्या हिश्शाच्या एका कागदाला पाणी लागलें नाहीं. आधींच्या तीन कथांत पैसा धन्याचा आहे. येथें तो स्वतःचा आहे, आणि म्हणून येथें देवाला पैसे भरावयास यावें लागत नाहीं. दानाची सीमा आपल्या वाट्याच्या रेषेशीं संपते, हा विवेक असा निःशब्दपणें सांगणारा दुसरा प्रसंग आम्हांस ठाऊक नाहीं.

आतां या कथा ऐकत वाढलेल्या समाजानें प्रत्यक्ष बाजारांत काय केलें, तें पाहूं. लातूर, उदगीर या बाजारपेठांचा लौकिक मोठा आहे. तुरीचा, डाळीचा, करडईचा, अलीकडे सोयाबीनचा व्यापार तेथें चालतो. अडतीच्या धंद्यांत वीरशैव लिंगायत मंडळी पुष्कळ. त्यांच्या जोडीला मारवाडी, गुजराती, जैन, मुसलमानहि आहेत. लिंगायतांच्या घरोघरीं कपिलधारच्या मन्मथस्वामींचें मराठी परमरहस्य वाचलें जातें, आणि कायक व दासोह हे बसवण्णांच्या परंपरेंतले दोन शब्द सभासमारंभांत हटकून ऐकूं येतात. कायक म्हणजे शरीरश्रमाचें प्रामाणिक काम, तेंच पूजेच्या जागीं मानलेलें. दासोह म्हणजे त्या कामाच्या फळाचें नम्र अर्पण. या दोन शब्दांवर बोट ठेवून कांहीं विद्वान् म्हणतात कीं, युरोपला जें सोळाव्या शतकांत सुचलें तें आम्हीं बाराव्यांत आचरून दाखविलें. काल्व्हिन आणि बसवण्णा हे मग जुळे भाऊ ठरतात.

हें साम्य निम्म्याच वाटेवर संपतें. कामाला पूजेची प्रतिष्ठा दिली, कोणतेंहि काम हीन मानलें नाहीं, चांभार, परीट, नावाडी, दोरखंड वळणारा या सर्वांना शरणांच्या मंडळींत मानाचें स्थान दिलें, येथवर बसवण्णा युरोपीय सुधारकांच्याहि पुढें गेले. पण आयदक्की मारय्या आणि लक्कम्मा यांची कथा घ्या. मारय्या सांडलेले तांदूळ वेंचून आणी, हेंच त्याचें कायक. एके दिवशीं तो नेहमींपेक्षां अधिक तांदूळ घेऊन आला. लक्कम्मेनें ते घरांत घेतले नाहींत. जेथून आणले तेथें परत टाकून या, म्हणाली. गरजेहून जास्त वेंचणें हा तिच्या दृष्टीनें लोभ होता. काल्व्हिनच्या अनुयायानें तो वरकड तांदूळ विकून दुसऱ्या दिवशीं टोपली विकत घेतली असती. भांडवल जन्मतें तें या टोपलींतून. लक्कम्मेनें टोपलीलाच नकार दिला. म्हणून वेबरच्या अर्थानें पाहिलें तर कायक ही भांडवलशाहीची वृत्ति नव्हे. ती तिच्या उंबऱ्यावर उभी राहून तिला आंत येऊं न देणारी वृत्ति आहे. व्यापारी समाजानें त्यांतलें कष्टाळूपण उचललें आणि लक्कम्मेची मर्यादा पुराणांत ठेवून दिली, यांत नवल तें काय? टॉनी या इंग्रज इतिहासकारानें १९२६ सालच्या आपल्या ग्रंथांत हाच इशारा युरोपाविषयीं दिला होता. धर्म व्यापाराला वळण लावतो त्याच्या दुपटीनें व्यापार धर्माला आपल्या सोयीचें वळण लावतो.

दासोहाचें काय झालें, हें तर शेतकऱ्याच्या पट्टींत वाचावें. जुन्या पट्ट्यांची एक थप्पी आमच्या घरीं होती. कोणत्या पेढीच्या तें सांगण्याचें प्रयोजन नाहीं, कारण रीत सर्वत्र तीच होती. माथ्यावर 'श्री'. खालीं मालाची रक्कम. मग वजावट: अडत, हमाली, तोलाई, तूट, आणि त्या ओळींत शांतपणें बसलेला एक शब्द, 'धर्मादाय'. गोरक्षण, पांजरपोळ, देऊळ, अन्नछत्र, कशासाठीं तरी तो पैसा कापला जाई. पैसा शेतकऱ्याचा; पुण्य आणि देवळाच्या शिलेवरचें नांव दुसऱ्याचें. त्या पैशांतून देवळें खरोखरच उभीं राहिलीं, यात्रेकरूंना जेवण खरोखरच मिळालें, हें नाकारण्याचें कारण नाहीं. अडत्यानें पैसा खाल्ला असता, तर गोष्ट साधी होती. त्यानें तो धर्माला लावला म्हणून ती अवघड झाली. तुकोबांनीं भावाची खतें वगळलीं. येथें दान द्यावयाचें तें मुळीं दुसऱ्याच्याच वाट्यांतून. आणि असें दान देणारा मनुष्य दिवाळींत वहीपूजन करतो तेव्हां त्याच्या मनांत कपट नसतें, हें आम्हीं स्वतः पाहिलें आहे. वही त्याची चोख असते. एका पैची चूक निघाली तर तो नाथांसारखाच रात्रभर बसेल. त्याच्या धर्मानें त्याला वहींतलें खोटें ओळखावयास शिकविलें. वहीच्या रचनेंतलें खोटें ओळखण्यास मात्र शिकविलें नाहीं.

भाव ठरविण्याच्या रीतींतहि हेंच. रुमालाखालीं हात घालून बोटांच्या खुणांनीं सौदा करण्याची चाल आपल्या बाजारांत पिढ्यान् पिढ्या होती. माल ज्याचा तो बाजूला उभा, आणि त्याच्या वर्षाच्या कष्टांची किंमत एका कापडाखालीं ठरते आहे. इंग्लंडांतील क्वेकर पंथीयांनीं दुकानांत सर्वांना एकच उघडी किंमत ठेविली, तीं माणसें आपल्या दुकानदारांहून अधिक देवभोळीं होतीं असें नव्हे. घासाघीस म्हणजे मुद्दाम चुकीची किंमत बोलणें, म्हणजे असत्य, असा त्यांचा अर्थ होता. सत्याची व्याप्ति त्यांनीं गिऱ्हाइकापर्यंत नेली. आपल्याकडे सत्याची शपथ वहीशीं, धन्याशीं, जातभाईशीं आणि देवाशीं. ज्याच्याशीं नातें नाहीं अशा तिऱ्हाइताशीं काय, या प्रश्नावर आमच्या सर्व कथा मूग गिळून बसतात. दामाजीच्या कथेंत भुकेले लोक आहेत, पण ते दयेचे विषय म्हणून आहेत. ज्याचा माल मापावा, ज्याला भाव सांगावा, ज्याची मजुरी द्यावी, असा बरोबरीचा तिऱ्हाईत आमच्या संतकथेंत फार विरळा.

ही उणीव भरून काढली ती कायद्यानें. वऱ्हाडांत १८९७ सालीं कापूस व धान्यबाजारांचा कायदा झाला. १९२८ च्या शेतकी रॉयल कमिशननें नियंत्रित बाजारांची शिफारस केली. निजामाच्या राज्यांत १९३० च्या सुमारास बाजारांचा कायदा आला. महाराष्ट्राचा कृषि उत्पन्न बाजाराचा कायदा १९६३ चा, आणि माथाडी, हमाल यांच्यासाठींचा १९६९ चा. उघडा लिलाव, तपासलेलें वजन, ठरलेल्याच वजावटी, हीं धर्मानें दिलेलीं फळें नव्हेत. आमच्या व्यापाराची धर्मनीति एवढी थोर होती कीं कायद्याची गरजच नव्हती, असें म्हणणाऱ्यांनीं हे सन एकदां लागोपाठ वाचावेत.

मग दासबोधाचें काय, असा प्रश्न येईल. दासबोध हा या विषयांतला आमचा सर्वांत समर्थ ग्रंथ, यांत शंका नाहीं. पण त्याच्या नांवावर निघालेल्या व्यवस्थापनाच्या पुस्तकांत दिसतो तो हा ग्रंथ नव्हे. त्यांना त्यांत नेतृत्व दिसतें, यशाचीं सूत्रें दिसतात. समर्थांनीं एकोणिसाव्या दशकाचा पहिलाच समास लेखनक्रियेला दिला आहे, आणि त्यांत बोरू, शाई, कागद, अक्षराचें वळण, ओळींतील अंतर, समास सोडण्याची रीत, इतक्या बारकाव्यानें बोलले आहेत कीं वाचणाऱ्याला बोटांना शाई लागल्याचा भास व्हावा. प्रपंच नेटका करावा हें सर्वच सांगतात. नेटका म्हणजे कसा, हें कागदावर रेघ ओढून दाखविणारा ग्रंथकार विरळा. तें सोडून उरलेल्या उपदेशाचीं सुभाषितें करून कचेरींतील भिंतीवर लावणें म्हणजे बोरू टाकून देऊन दौत पूजण्यासारखें आहे.

जपानी लोकांनीं हा प्रयोग निराळ्या रीतीनें केला. इशिदा बायगान यानें १७२९ सालापासून क्योटोंत व्याख्यानें देऊन सांगितलें कीं, सामुराईला जशी तनखा तसा व्यापाऱ्याला नफा. तो घेण्यांत लाज नाहीं, पण कपटानें घेतलेला नफा नफाच नव्हे. आधुनिक जपानचा उद्योगमहर्षि शिबुसावा एइइचि यानें १९१६ सालीं कन्फ्यूशियसचीं वचनें आणि मणिचौकट यांची सांगड घालणारें पुस्तकच काढलें. व्यापाऱ्याला उद्देशून, व्यापाऱ्याच्या नफ्याविषयीं, धर्माच्या अधिकारानें बोलणारा असा उपदेशक आमच्या परंपरेंत झाला नाहीं. संत आमच्याकडे व्यापारी कुळांतून आले खरे. पण आल्यावर त्यांनीं मागें वळून दुकानाकडे क्वचितच पाहिलें.

आणि धर्माचें साहाय्य न घेतांहि शिस्त उभी राहते, याचा पुरावा महाराष्ट्रानेंच दिला आहे. लक्ष्मणराव किर्लोस्कर १९१० सालीं औंध संस्थानच्या हद्दींत, कुंडल रोडच्या माळावर आपला कारखाना घेऊन गेले. ते अंधश्रद्धेचे वैरी; अस्पृश्यता त्यांनीं आपल्या वसाहतींत येऊं दिली नाहीं; तुरुंग भोगून आलेल्या माणसांना त्यांनीं राखणदार नेमलें. त्याच्या एकतीस वर्षें आधीं, १८७९ सालीं, कॅडबरी बंधूंनीं इंग्लंडांत बोर्नव्हिलला आपला कारखाना हलविला, आणि पुढें तेथें कामगारांसाठीं बागांनीं वेढलेलें गांव वसलें. ते कट्टर क्वेकर. एकाच्या मागें प्रार्थनामंदिर, दुसऱ्याच्या मागें बुद्धिवाद. आणि गांव मात्र दोघांनींहि वसविलें. अशा वेळीं धर्म हें कारण कीं निमित्त, याचा निकाल देण्याची घाई वेबरच्या शिष्यांनीं व विरोधकांनीं करूं नये.

मात्र व्यवस्थापन म्हणजे पैशाची चोख राखण एवढेंच न धरतां, पुष्कळ अनोळखी माणसांना एका कामांत, एका वेळीं, तंटा न होतां चालविणें असा अर्थ घेतला, तर मराठी धर्मजीवनानें एक विलक्षण वस्तु निर्माण केली आहे, आणि ती पेढीवर नसून रस्त्यावर आहे. ज्ञानेश्वर महाराजांच्या पालखीची आजची रचना हैबतबाबा आरफळकर यांनीं एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धांत लावली. ते शिंद्यांच्या पदरीं राहिलेले, लष्करी शिस्त पाहिलेले. अंकलीच्या शितोळे सरदारांनीं घोडे, तंबू दिले. दिंड्यांना क्रमांक, रथापुढच्या कोणत्या, रथामागच्या कोणत्या, हें ठरलेलें, प्रत्येक दिंडींत वीणेकरी एक, आणि खर्च भिशीच्या वर्गणींतून. या वर्गणींत दुसऱ्याच्या वाट्याचा पैसा नाहीं. जो चालतो तो देतो, आणि जो देतो तो जेवतो.

मुक्कामाच्या ठिकाणीं समाजआरतीच्या वेळीं काय होतें, तें ज्यांनीं पाहिलें नाहीं त्यांनीं एकदां अवश्य पाहावें. सर्व दिंड्या पालखीभोंवतीं जमतात. टाळमृदंगांचा कल्लोळ चाललेला असतो. चोपदार दंड उंच करतो, आणि तो हजारोंचा समुदाय एका क्षणांत स्तब्ध होतो. वाटेंत कोणाची कांहीं वस्तु सांपडली असेल, हरवली असेल, तर तें पुकारलें जातें. ज्या दिंडीची तक्रार असेल ती मात्र टाळ थांबवीत नाहीं. त्या शांततेंत तिचेच टाळ तेवढे वाजत राहतात. चोपदार त्या आवाजाच्या रोखानें चालत जातो, गाऱ्हाणें ऐकतो, त्याची तड लावतो. मग ते टाळ थांबतात आणि त्यानंतर आरतीला आरंभ होतो.